गाडी उभी केली की फ्रिज गरम: भूमध्य समुद्राकाठी कॅम्परव्हॅनची हमखास अडचण

तक्रार दरवर्षी तीच. श्टुटगार्टहून निघताना फ्रिज झकास चालत होता, स्वित्झर्लंड ओलांडेपर्यंत दूध गार होतं, आणि फ्रान्सच्या दक्षिणेला कामार्गमध्ये समुद्राकाठी गाडी लावून दुसरा दिवस उजाडतो तर दही फसफसलेलं, कोथिंबीर काळी पडलेली, इडलीच्या पिठाने डब्याचं झाकण वर ढकललेलं. गाडी भाड्याने देणाऱ्याला फोन लावावा तर तो म्हणतो, दक्षिणेत ऊन फार असतं, चालायचंच. मग लोक सुपरमार्केटातून थर्माकोलचा डबा आणतात आणि उरलेली सुट्टी बर्फाच्या पिशव्या शोधण्यात जाते.

यातले बहुतेक फ्रिज बिघडलेले नसतात. गाडी कुठे आणि कशी उभी केली, तिथे घोळ असतो. म्हणून हा सगळा खटाटोप मुख्यतः पार्किंगबद्दल आहे, पान्या-स्क्रू ड्रायव्हरबद्दल कमी.

आधी तुमचा फ्रिज कोणता ते बघा

गाडीत शिरण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. बाहेरच्या अंगावर एक खाली आणि एक वर अशा दोन आडव्या प्लास्टिकच्या जाळ्या दिसल्या आणि फ्रिजच्या बटणावर ज्योतीचं चित्र असलं, तर तो तीन तऱ्हेने चालणारा फ्रिज: गाडीच्या 12 व्होल्टवर, कॅम्पसाइटच्या 230 व्होल्टवर आणि गॅसवर. डोमेटिक किंवा थेटफर्ड यांपैकी एक नाव बहुधा दारावर असतं. जाळ्या नाहीत, ज्योतीचं चित्र नाही आणि अधूनमधून बारीक गुरगुर ऐकू येते, तर तो घरच्यासारखा कॉम्प्रेसरवाला. फोक्सवॅगन कॅलिफोर्नियात तोच असतो. कॉम्प्रेसरवाल्याला ऊन आणि चढउतार फारसे बाधत नाहीत. तो गरम झाला तर नव्याण्णव टक्के बॅटरी उतरलेली असते, आणि त्याचा इलाज सोलर पॅनल नाहीतर विजेचा खांब. तुमचा तो असेल तर पुढचं वाचून फार उपयोग नाही.

तीन तऱ्हेचा फ्रिज मात्र जात्याच वेगळा आहे. त्यात मोटर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली ही युक्ती काढली. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांत भरायचे आणि खालून उष्णता द्यायची. अमोनिया पाण्यातून उकळून वर जातो, वरच्या नळ्यांत निवून पातळ होतो, फ्रिजच्या आत येऊन पुन्हा वाफ होताना तिथली उष्णता ओढून घेतो आणि शेवटी पाण्यात विरघळून खाली उतरतो. हे उतरणं निव्वळ गुरुत्वाकर्षणाने होतं. म्हणजे दोन गोष्टी सांभाळायच्या: वरच्या नळ्यांना निवायला हवा मिळाली पाहिजे, आणि पातळ झालेल्या द्रवाला वाहायला सरळ उतार मिळाला पाहिजे. या दोन वाक्यांत निम्म्याहून जास्त तक्रारींचं उत्तर आहे.

असा फ्रिज साधारणपणे त्याच्या पाठीमागच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी गार राहतो. इथे "पाठीमागच्या हवेपेक्षा" हे शब्द महत्त्वाचे. बार्सिलोनात 33 अंश असतील, पण जाळीवर तिन्हीसांजेपर्यंत ऊन तापत असेल तर त्या पोकळीत सहज 45 होतात. मग दूध 20 ला बसतं आणि आपण फ्रिजला शिव्या घालतो. फ्रिजच्या आतल्या पट्टीवर त्याचा हवामान-वर्ग लिहिलेला असतो. एन असेल तर तो 32 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलाय, एसटी असेल तर 38, टी असेल तर 43.

पाणी कुठे मुरतंय?

पहिली तपासणी हाताने. फ्रिज चालू करून तासभराने बाहेरच्या वरच्या जाळीपाशी तळहात धरा. गरम हवा हाताला लागली पाहिजे. अजिबात लागत नसेल तर खाली उष्णताच तयार होत नाही: ज्योत विझली आहे, गॅस संपला आहे किंवा वीज पोहोचत नाही. चांगलीच गरम हवा येते आहे आणि आत थोडंफार गार आहे, तर यंत्र ठीक आहे, हवा खेळत नाही एवढंच. जाळी तापलेली, पण सहा-आठ तास होऊनही आतला मागचा पत्रा कोमटच, तर गाडी कलती आहे किंवा नळ्यांमध्येच काही झालंय.

दुसरी तपासणी रात्रीची. कॅम्पसाइटवर गाडी सपाट जागी लावा, 230 वर टाका, दार न उघडता सकाळपर्यंत ठेवा. आत पाण्याचा एक पेला आणि त्यात थर्मामीटर. हवेचा थर्मामीटर दार उघडलं की लगेच उडी मारतो, पाण्यातला खरं बोलतो. सकाळी पाणी पाच-सहा अंशांवर असेल तर फ्रिज ठणठणीत आहे, दोष गॅसच्या किंवा 12 व्होल्टच्या बाजूला शोधा. 230 वरही पाणी पंधराच्या वर असेल तर जाळ्या, सपाटी आणि दाराचं रबर बघा. यापुढे आलटूनपालटून एकेका स्रोतावर चालवून बघितलं की गुन्हेगार आपोआप सापडतो. लोक नेमकी हीच पायरी गाळतात आणि थेट सिलिंडर बदलायला धावतात.

दाराचं म्हणाल तर एक गंमत आहे. या फ्रिजच्या कडीला दोन खाचा असतात. एक घट्ट बंद करायची, दुसरी हिवाळ्यात गाडी उभी असताना वास धरू नये म्हणून दार बोटभर उघडं ठेवायची. नवख्याला दुसरी खाच लागली तरी "खट्" असा आवाज येतो आणि दार बंद झाल्याचं समाधान मिळतं. दारात कागदाची पट्टी धरून बंद करा आणि ओढा. अडखळत निघाली तर रबर ठीक.

समुद्राकडे तोंड, उन्हाकडे पाठ

ब्रिटन सोडून युरोपातल्या गाड्यांचं राहायचं दार बहुधा उजव्या बाजूला, फुटपाथकडे असतं. ऑनिंग, म्हणजे बाहेर ओढून काढायचा कापडी छज्जा, तोही तिकडेच. फ्रिज आणि त्याच्या जाळ्या बऱ्याच मोठ्या गाड्यांत डाव्या बाजूला असतात. सगळ्यांना दारातून समुद्र दिसायला हवा असतो, म्हणजे दार समुद्राकडे आणि जाळ्या त्याच्या विरुद्ध दिशेला. आता नकाशा घ्या.

नीस, अँतिब, सेंट राफाएल या पट्ट्यात समुद्र ढोबळमानाने दक्षिणेला आहे. दार दक्षिणेला केलं की जाळ्या आपोआप उत्तरेला, जवळजवळ दिवसभर सावलीत. तिथे फ्रिजची तक्रार कमी येते ती यामुळे. क्रोएशियात झादरपासून स्प्लिटपर्यंत किनारा नैर्ऋत्येला बघतो, जाळ्या ईशान्येला, सकाळचं कोवळं ऊन सोडलं तर बेत छान. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर पार्गाच्या आसपासही तसंच.

पण स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, कोस्टा ब्रावापासून व्हॅलेन्सियापर्यंत, समुद्र पूर्वेला. दारातून सूर्योदय बघायचा म्हटलं की जाळ्या थेट पश्चिमेला, आणि दुपारी दोनपासून संध्याकाळी आठपर्यंत ऊन त्यांच्यावरच. जुलैमध्ये तिथे सूर्य नऊनंतर मावळतो हे लक्षात घ्या. इटलीत रिमिनीच्या बाजूला समुद्र ईशान्येला, म्हणजे जाळ्या नैर्ऋत्येला, तीच रड. अशा ठिकाणी मी सरळ गाडी उलटी लावतो. समुद्र खुर्चीवर बसून दिसतो, त्यासाठी फ्रिजचा बळी द्यायची गरज नाही. ज्यांच्या गाडीत फ्रिज दाराच्याच बाजूला आहे, फियाट डुकाटोवर बांधलेल्या बऱ्याच छोट्या व्हॅनमध्ये तो तसा असतो, त्यांनी वरचं सगळं उलटं वाचावं. त्यांना ऑनिंगची सावली फुकट मिळते. फक्त गॅसवर फ्रिज चालू असताना ऑनिंगच्या तिन्ही बाजू पडद्यांनी बंद करून आत झोपू नका. जाळीपाशी ज्योतीचा धूर बाहेर पडतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला वास नसतो.

उलटी लावायला जागाच नसेल तर जाळीपासून हातभर अंतर सोडून एखादी पांढरी चादर किंवा चंदेरी पत्र्यासारखी ऊन अडवणारी चटई दोरीने टांगा. जाळीला चिकटवायची नाही. चिकटवली की हवा अडते आणि ऊन परवडलं अशी वेळ येते. जाळ्यांवर हिवाळी झाकणं तर नाहीत ना, हेही बघा. पांढऱ्या जाळीवर पांढरं झाकण असतं, पटकन कळत नाही. मार्चमध्ये भाड्याने गेलेल्या गाडीला लावलेलं झाकण जुलैपर्यंत तसंच राहिल्याचं मी पाहिलंय. बहुतेक झाकणं 10 अंशांच्या खालच्या थंडीसाठी असतात.

वरच्या जाळीमागे छोटे पंखे बसवायचा शौक स्वतःच्या गाडीवाल्यांनी जरूर करावा. संगणकात असतात तसे 12 व्होल्टचे, तापमानावर सुरू होणारे, हवा वर आणि बाहेर फेकणारे. फरक पडतो, विशेषतः जिथे वरची जाळी छताऐवजी भिंतीत आहे तिथे. भाड्याच्या गाडीत मात्र या फंदात पडू नका, ठेव अडकते.

वारा: ज्योत विझवणारा पाहुणा

गॅसवर चालताना फ्रिजच्या खाली एक निळी ज्योत असते, करंगळीच्या नखाएवढी. जुन्या मॉडेलमध्ये ती बघायला आत, तळाच्या कोपऱ्यात, भाजीच्या ट्रेमागे एक काचेचा बारीक डोळा ठेवलेला असतो. ट्रे काढून, दिवे मालवून, डोकं आत घालून बघायला लागतं. निळा ठिपका स्थिर असेल तर उत्तम. पिवळसर आणि लवलवणारा असेल तर नोझलवर काजळी आहे किंवा हवा कमी पडते आहे. दिसतच नसेल तर विझली.

आणि या किनाऱ्यावर ती विझण्यासारखा वारा असतो. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून कामार्ग आणि प्रोव्हान्सवर उतरणारा मिस्त्राल, फ्रान्समध्येच नारबोन-ल्युकात पट्ट्यात त्रामोंतान, एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टचा मेल्तेमी. एड्रिआटिकवरचा बोरा प्रामुख्याने हिवाळ्याचा, पण क्रोएशियात सेन्यच्या जवळ तो उन्हाळ्यातही चिमटा काढून जातो. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि वारा खालच्या जाळीतून आत घुसून ज्योत मारतो. नव्या फ्रिजमध्ये टिक-टिक-टिक असा ठिणगीचा आवाज रात्रभर येत राहतो, काही प्रयत्नांनंतर लाल दिवा लागून तो हार मानतो. जुन्यात ज्योत विझली की सुरक्षेची झडप मुकाट्याने गॅस बंद करते. आवाज नाही, दिवा नाही. सकाळी दूध चहात टाकलं की फाटतं तेव्हा बातमी कळते.

उपाय दिशेचाच. मिस्त्राल आणि त्रामोंतान दोन्ही उत्तर-वायव्येकडून येतात. जाळ्या डाव्या अंगाला असतील तर गाडीचं तोंड आग्नेयेला करा: वारा पाठीमागून, जाळ्या ईशान्येला, म्हणजे वारा त्यांच्या कडेने सरकून जातो आणि दुपारचं ऊनही लागत नाही. दार नैर्ऋत्येच्या उन्हात जातं खरं, पण अशा वाऱ्यात ऑनिंग उघडायची सोय नसतेच, तेव्हा दाराच्या सावलीचं दुःख नको. ल्युकातला समुद्राकडे दार करून गाडी लावली तर जाळ्या पश्चिमेला येतात, दुपारी ऊन आणि वायव्येचा वारा दोन्ही त्यांच्यावर. तिथे वाऱ्यावर फळी घेऊन समुद्रात खेळणारे लोक गाड्या कशा लावतात ते एकदा नीट बघा. त्यातली अनुभवी मंडळी समुद्राला पाठ करून बसलेली असतात.

वळवणं जमणार नसेल आणि विजेचा खांब असेल तर वारा पडेपर्यंत 230 वर टाका. विजेला वारा विझवत नाही.

सपाटी, आणि कायद्याची मेख

नवीन फ्रिज काही अंशांचा कल सोसतात, जुने जेमतेम तीन अंश. गाडी चालू असताना हलण्याने द्रव इकडेतिकडे होत राहतो, त्यामुळे घाटात काही होत नाही. उभ्या गाडीत मात्र तो एका कोपऱ्यात साचतो, खालची कढई, म्हणजे जिथे उष्णता देतात तो भाग, कोरडी तापत राहते, आणि वारंवार असं झालं तर नळ्या कायमच्या बाद होतात. गवंड्याची छोटी पाणसळ फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दोन्ही दिशांनी बघा. गाडीच्या फरशीवर ठेवून उपयोग नाही, फ्रिज फरशीशी काटकोनात बसवलेला असेलच असं नाही. फोनमधली पाणसळही चालते. डावं-उजवं आणि पुढे-मागे दोन्ही बघायचं. झोपताना डोकं वर हवं म्हणून पुढची चाकं उंचावणाऱ्यांनी तो मोह आवरावा.

कॅम्पसाइटवर सोपं आहे, चाकाखाली पिवळे रॅम्प घालायचे, शेजारचा जर्मन काका न बोलावता मदतीला येतो. अडचण रस्त्याकडेच्या पार्किंगात येते. इटलीच्या वाहतूक कायद्याचं 185 वं कलम म्हणतं की गाडी फक्त चाकांवर टेकलेली असेल, तिच्यातून सांडपाणी गळत नसेल आणि ती स्वतःच्या आकाराबाहेर जागा अडवत नसेल, तर ते पार्किंग. नाहीतर कॅम्पिंग. स्पेनमध्येही हाच भेद पाळतात: खिडकी बाहेर उघडली, ऑनिंग काढलं, खुर्ची मांडली, टेकू लावले की तुम्ही तंबू ठोकल्यात जमा, आणि किनारी गावांत त्याचा दंड पोलिस मुद्दाम फेरी मारून करतात. म्हणजे ज्या जागी फ्रिजला रॅम्प हवेत नेमक्या तिथेच ते घालून वाद ओढवून घ्यायचा. माझा हिशेब असा: किनाऱ्यावरचं पार्किंग पाण्याचा निचरा व्हावा म्हणून समुद्राकडे उतरतं असतं, तिथे दोन-तीन जागा पुढेमागे करून सपाट कोपरा मिळतो का बघायचं, नाहीच मिळाला तर रात्र तिथे काढायची नाही. फ्रान्समधले गावोगावचे कॅम्परव्हॅन थांबे, इटलीतले आरे दी सोस्ता आणि स्पेनमधले खास कॅम्परव्हॅनसाठीचे तळ बहुधा सपाट असतात, आणि कॅम्पसाइटच्या मानाने स्वस्तही. क्रोएशियात हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिथे कॅम्पसाइटबाहेर गाडीत मुक्काम करायलाच बंदी आहे.

विजेच्या दोन भानगडी

12 व्होल्टवर हा फ्रिज साधारण 120 ते 170 वॉट खातो, म्हणजे दहा अँपिअरच्या पुढे. 80 अँपिअर-तासांची बॅटरी चार तासांत निम्मी. म्हणून 12 व्होल्ट हे फक्त इंजिन चालू असताना वापरायचं, आणि नव्या गाड्या इंजिन बंद होताच ते स्वतःच तोडतात. जेवायला एखाद्या गावात तीन तास थांबलात आणि गॅस सुरू केला नाही, तर फ्रिज तीन तास बंद. स्वतः स्रोत निवडणारे फ्रिज गॅसवर जातात, पण इंजिन बंद झाल्यावर साधारण पंधरा मिनिटांनी. पेट्रोल पंपावर थांबल्या-थांबल्या ज्योत पेटू नये म्हणून ही सोय. घाबरून बटणं दाबू नका.

गाडी चालवतानाही फ्रिज गार होत नसेल तर तारेत व्होल्टेज गळत असेल. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते: दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की उष्णता एकोणीस टक्क्यांनी घटते. युरो 6 या प्रदूषण-नियमात बसणाऱ्या इंजिनांचा डायनॅमो इंधन वाचवायला मधूनच व्होल्टेज पाडतो, आणि त्यासाठी वेगळा चार्जर बसवलेला नसेल तर फ्रिज कोमटच राहतो. हे तुम्ही वाटेत दुरुस्त करू शकत नाही, फ्यूज तेवढा बघा.

230 ची गोष्ट उलट. फ्रिजला एक अँपिअरही पुरतो, पण खांबाला जेवढे मिळतात तेवढ्यात आपण भात, चहा आणि मिक्सर बसवायला जातो. इटलीत 3 अँपिअरचे खांब अजून भेटतात, म्हणजे 690 वॉट. फ्रान्समध्ये 6 असतील तर 1380. घरची 2000 वॉटची किटली लावली की एमसीबी पडणार, आणि पेटीला कुलूप असल्याने कार्यालय उघडेपर्यंत अंधार. रात्री अकराला पडला तर फ्रिज आठ तास बंद. फ्रिज आपोआप स्रोत बदलणारा असेल तर सिलिंडर चालू ठेवा, तो गॅसवर जाईल. हाताने बदलायचा असेल तर रात्री किटलीला हात लावू नका. केबल गुंडाळीवर ठेवू नये, पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली तापते.

गॅस, थोडक्यात

फ्रिज दिवसाला साधारण 300-400 ग्रॅम गॅस खातो. जर्मनीचा 11 किलोचा राखाडी सिलिंडर फ्रिजपुरता महिनाभर पुरतो, तेव्हा दोन आठवड्यांच्या सुट्टीत बदलायची वेळ सहसा येत नाही. आलीच तर तो फ्रान्स, स्पेन, इटलीत बदलून मिळत नाही. प्रत्येक देशाचा सिलिंडर आणि रेग्युलेटरचा आटा वेगळा. कॅम्पिंगगाझचा निळा सिलिंडर सगळीकडे मिळतो, पण सर्वात मोठाही 2.75 किलोचाच, फ्रिजला आठवडाभर. त्यासाठीचा अडॅप्टर निघतानाच घ्या. उन्हाळ्यात ब्युटेन की प्रोपेन याची चिंता करू नका, ब्युटेन शून्याच्या जरा खाली उकळायचं थांबतं, ऑगस्टमध्ये त्याचा संबंध नाही.

काजळीने किंवा कोळ्याच्या जाळ्याने नोझल बुजलं असेल तर ते काम गॅसवाल्या मेकॅनिकचं. सुई खुपसून भोक मोठं करणारे महाभाग भेटतात. ते भोक केसाएवढं असतं आणि त्याचं माप ठरलेलं असतं.

इटलीतून ग्रीसला, किंवा जेनोआहून सार्डिनियाला जाणाऱ्या फेरीबोटीवर सिलिंडर बंद करावाच लागतो. खालच्या डेकवर वीजही मिळेलच असं नाही. आदल्या रात्री बाटल्या गोठवून फ्रिजमध्ये रचा आणि उतरेपर्यंत दार उघडू नका.

आत काय ठेवता

फ्रिज निघायच्या आदल्या दिवशी घरच्या विजेवर लावून गार करा आणि माल गारच भरा. कोमट भाजीचा डबा आत ठेवला की हा फ्रिज अर्धा दिवस तिच्यामागे धावतो. मागच्या भिंतीवरचे पत्र्याचे पंख मोकळे हवेत, त्यांना डबे टेकवायचे नाहीत. त्यांच्यावर चार-पाच मिलिमीटर बर्फ साचला तर काढून टाका. इडलीचं पीठ दक्षिणेत न्यायचं असेल तर आंबवण्याआधी न्या, गाडीतली ऊब पुरेशी आहे. फ्रान्समधल्या पुष्कळ कॅम्पसाइट बर्फाच्या थैल्या गोठवून देतात, कार्यालयात विचारा. आपल्याकडच्या दोन आत, दोन त्यांच्याकडे, असं चक्र चालवलं की दुपारची पाच-सहा अंशांची तूट भरून निघते.

भारतातून आई-बाबा आले असतील आणि इन्सुलिन बरोबर असेल तर ते या फ्रिजच्या भरवशावर ठेवू नका. ज्योत विझली तर गरम, आणि पंखांना चिकटलं तर गोठूही शकतं. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसरचा डबा किंवा औषधांची वेगळी गार पिशवी घ्या, आणि त्यात थर्मामीटर.

हात टेकायची वेळ

अमोनियाचा झोंबणारा वास आला, किंवा जाळी उघडल्यावर नळ्यांच्या सांध्यावर पिवळी भुकटी दिसली, तर नळी फुटली आहे. फ्रिज सगळ्या स्रोतांवरून बंद करा, सिलिंडरची झडप फिरवा, दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा. ती भुकटी क्रोमेटची असते, विषारी, हात लावायचा नाही. अशा फ्रिजची नळ्यांची अख्खी चौकट बदलावी लागते, वाटेवरच्या गॅरेजात ते होणार नाही. भाड्याची गाडी असेल तर तापमानाचे वेळेसकट फोटो काढून लगेच कळवा, परत येईपर्यंत थांबू नका.

बाकीच्या बाबतीत गाडी परत देताना नोंदीच्या कागदावर "फ्रिज चालत नाही" एवढंच लिहू नका. "230 वर रात्रीत 5 अंश, गॅसवर वारा नसतानाही ज्योत टिकत नाही" असं लिहा. पहिलं वाचून भाडेवाला "ऊन फार होतं" म्हणून कागद बाजूला ठेवतो. दुसरं वाचून त्याचा मेकॅनिक सरळ खालची जाळी उघडून बर्नर साफ करायला बसतो.